पेशीतील पिशवी आणि दगडाची धूळ



ज्या माणसाची तीस वर्षे कामगारांच्या संघटनेत गेली, त्यास व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो किमान वेतनावर किंवा संपावर बोलणार, असा सर्वांचा समज असतो. चालकांचाही होता. आम्ही विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, की 'लयकारिका' हे एखाद्या नव्या संस्थेचे नाव आहे काय? संस्थेचे नाव नाही. आपल्या शरीरातील पेशीच्या आत असलेल्या एका अतिसूक्ष्म पिशवीचे ते नाव आहे. जगभर तिला लायसोसोम म्हणतात. आमच्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात लयकारिका असा शब्द आहे, आणि तो आम्हांस आवडला.

आमचे स्वतःचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही ते वाचनालयात, एस.टी.च्या थांब्यावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा आम्ही शास्त्रज्ञ म्हणून येथे उभे नाही. एका माणसाने आम्हांस एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही या पिशवीपर्यंत पोचलो, एवढाच आमचा अधिकार.

तो आमचा सोबती. गिट्टीच्या खदानीवर, दगड फोडण्याच्या यंत्रापाशी त्याने चौदा वर्षे काढली. दम लागू लागला तेव्हा काम सोडले आणि घरच्या दीड एकर धानात राबू लागला. परंतु दम कमी होईना. उलट दरसाल वाढत चालला. आम्ही भेटीस गेलो असता तो खाटेवर उशाला दोन उशा घेऊन बसला होता. त्याने विचारले, "भाऊ, काम सोडून सहा वर्स झाले जी. आता तं वावराची हवा खातो. मंग धूळ अजून कायले सोडत नाही?" आम्हांस उत्तर देता आले नाही. शेजारी त्याची मुलगी विज्ञानाचे पुस्तक घेऊन अभ्यास करीत होती. तिने पेशीचे चित्र काढले होते, आणि त्यात एका ठिपक्यापाशी हा शब्द लिहिला होता. उत्तर त्या ठिपक्यात होते हे आम्हांस पुढे दोन वर्षांनी समजले.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. माणसाचे शरीर सुमारे 30 लक्ष कोटी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशी म्हणजे एक छोटे बिऱ्हाड समजा. त्यात चूल आहे, कोठार आहे, माल बांधून पाठवण्याची जागा आहे. बिऱ्हाड म्हटले म्हणजे केरकचराही आलाच. अनेक वर्षे शास्त्रज्ञांस चूल ठाऊक होती, कोठार ठाऊक होते. कचऱ्याचे काय होते ते मात्र ठाऊक नव्हते.

ते ज्याने शोधले, तो मुळी ते शोधतच नव्हता. बेल्जममधील लूव्हाँ विद्यापीठात ख्रिश्चन द दूव नावाचे संशोधक इन्शुलिनचा यकृतावर काय परिणाम होतो ते पाहत होते. 1949 चा डिसेंबर महिना. उंदराचे यकृत हलक्या हाताने घोटून, त्याचा रस फिरत्या यंत्रात घालून त्याचे थर वेगळे करायचे, आणि कोणत्या थरात कोणते पाचक द्रव्य आहे ते मोजायचे, असा त्यांचा उद्योग. एका द्रव्याचे माप भलतेच कमी आले; अपेक्षेच्या सुमारे दहावा हिस्सा. दुसरा कोणी असता तर हिशेब चुकला म्हणून रस मोरीत ओतून मोकळा झाला असता. यांनी ती भांडी शीतकपाटात ठेवून दिली, आणि पाच दिवसांनी पुन्हा मोजले. माप भरपूर वाढलेले! शिळ्या रसात द्रव्य वाढले कोठून? ते वाढले नव्हते. ते आधीपासूनच होते, परंतु कसल्या तरी पिशव्यांत बंद होते. पाच दिवसांत पिशव्या फाटल्या आणि आतला ऐवज बाहेर आला.

आम्हांस ही गोष्ट फार प्रिय आहे. हजेरीपटावर दहा माणसे आणि पगाराच्या वहीत एकच दिसले, तर उरलेली नऊ गेली कोठे असे विचारणारा माणूस आमच्या धंद्यातही लागतो.

1955 साली द दूव यांनी त्या पिशवीचे लायसोसोम असे नामकरण केले. ग्रीक भाषेत 'लायसिस' म्हणजे विरघळणे आणि 'सोमा' म्हणजे शरीर. त्याच वर्षी नोव्हिकॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रेही मिळाली. 1974 साली द दूव यांना अल्बर्ट क्लॉड व जॉर्ज पालाड यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

ही पिशवी करते काय? आपल्या जठरात जे चालते तेच ती अतिसूक्ष्म प्रमाणात करते. तिच्यात पन्नासाहून अधिक प्रकारची पाचक द्रव्ये असतात. प्रथिने तोडणारी, चरबी तोडणारी, साखरेच्या साखळ्या तोडणारी. बाहेरून आलेला जंतू असो की पेशीतलाच झिजलेला भाग असो, तो या पिशवीत येतो, त्याचे तुकडे होतात, आणि उपयोगी तुकडे पुन्हा कामास लागतात. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. दररोज सुमारे 20 हजार कोटी जुन्या रक्तपेशी प्लीहेतील व यकृतातील भक्षक पेशी गिळतात, आणि त्यांतील लोह सोडवून घेऊन नव्या रक्तासाठी परत देतात. आपण पोटात जे लोह घेतो ते याच्या मानाने अगदी थोडे. पावसाळ्यात धानाच्या बांधीत बेडकाची पिले आपण पाहतो. त्यांची शेपटी गळून पडत नाही, ती आतल्या आत जिरते. जिरवणारी हीच पिशवी.

पेशी उपाशी पडली की ती आपलेच जुनेपुराणे भाग या पिशवीत घालून त्यांवर गुजराण करते. या क्रियेस द दूव यांनीच 1963 साली 'स्वभक्षण' अशा अर्थाचे नाव दिले, आणि तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले. हल्ली काही मंडळी 'उपासाला नोबेल मिळाले' असे सांगत फिरतात, म्हणून एक खुलासा करतो. ओसुमी यांचे ते काम किण्वाच्या पेशींवर होते. ज्यांच्या घरी उपास मर्जीने घडत नाही अशा लोकांत आमचे आयुष्य गेले आहे, त्यामुळे या प्रचाराचे आम्हांस हसू येत नाही.

आता शंका येईल, की एवढी जहाल द्रव्ये पिशवीत असता पेशी स्वतःच का विरघळत नाही? त्याची सोय आहे. पिशवीच्या भिंतीस आतून साखरयुक्त प्रथिनांचे अस्तर असते. शिवाय ही द्रव्ये आम्लातच नीट काम करतात. पिशवीच्या आत आम्लता बाहेरच्या शंभरपटींहूनही अधिक ठेवलेली असते. एखादी पिशवी किंचित पाझरली तर द्रव्ये बाहेर येऊन मंदावतात आणि पेशी निभावून नेते. पण पुष्कळ पिशव्या एकदम फुटल्या तर पेशी मरते. म्हणून द दूव यांनी तिला 'आत्मघाती पिशवी' म्हटले. हे नाव शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसले आहे. मात्र पेशीचे नेहमीचे, शिस्तीचे मरण बहुधा दुसऱ्याच मार्गाने घडते असे नंतर दिसून आले. तेव्हा नाव थोडे भडक आहे. परंतु आम्ही ज्या रोगाविषयी बोलणार आहोत, त्यात ते दुर्दैवाने चपखल बसते.

उणिवा पुष्कळ आहेत. दोन झटपट सांगून टाकतो. पन्नासांपैकी एकच पाचक द्रव्य जन्मतः नसले तर त्याचा माल पिशवीत तुंबत जातो. पाँपे रोगात असे घडते हे बेल्जममधीलच हेर्स यांनी 1963 साली दाखवले. अशा रोगांपैकी काहींवर ते द्रव्य बाहेरून देण्याचा उपाय आहे, पण खर्च सामान्य कुटुंबाच्या स्वप्नातही न मावणारा. दुसरी उणीव क्षयाच्या जंतूने हेरली आहे. भक्षक पेशीने त्यास गिळले, तरी ज्या कप्प्यात तो असतो तो कप्पा आणि ही पिशवी यांचा संयोगच तो होऊ देत नाही. 1971 साली आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी हे दाखवले. शत्रू पकडला, कोठडीत घातला, आणि कोठडीतच त्याने संसार थाटला, असा प्रकार. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता धुळीकडे वळू. दगड फुटतो तेव्हा जो लोट उठतो तो डोळ्यांस दिसतो, आणि माणूस त्यालाच भितो. पण दिसणारे कण जाड असतात. ते नाकात, घशात अडकतात, खाकरून पडतात. मारणारे कण दिसत नाहीत. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतल्या चारपाच भागांहूनही लहान असे ते असतात, आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. गमछा नाकाला बांधला तर समाधान वाटते, परंतु असला कण त्याच्या विणीतून सहज पार होतो.

फुग्यांत भक्षक पेशी पहाऱ्यावर असते. ती कण गिळते. लयकारिका त्यास येऊन भिडते आणि पाचक द्रव्ये सोडते. जंतू असता तर विरघळला असता. पण हा कण गारगोटीचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा. तो विरघळत नाही. बरे, न विरघळता निमूट पडून राहावा, तर तसेही नाही. 1966 साली अॅलिसन, हॅरिंग्टन आणि बरबेक या तिघांनी भक्षक पेशींस एकीकडे हिऱ्याची भुकटी दिली आणि दुसरीकडे सिलिका. हिरा गारगोटीहून कितीतरी कठीण. पण तो पिशवीत गप्प पडून राहिला आणि पेशी जगली. सिलिकाच्या कणाने मात्र पिशवीची भिंत बिघडवली. पाचक द्रव्ये पेशीत पसरली आणि पेशी मेली. म्हणजे दोष कणाच्या धारेचा किंवा कठीणपणाचा नव्हे. त्याच्या पृष्ठभागाचा आणि पिशवीच्या भिंतीचा सांधा जुळतो, आणि त्यातून भिंत खचते. फुटलेली पिशवी पेशीत धोक्याची घंटा कशी वाजवते आणि सूज कशी पेटते, याचा आणखी उलगडा 2008 साली झाला. सांध्यांत युरिक आम्लाचे स्फटिक साचून जो वातरक्ताचा ठणका उठतो, त्यातही हीच घंटा वाजते.

पेशी मेल्यावर कणाचे काय होते? काहीच होत नाही! तो जसाच्या तसा बाहेर पडतो. दुसरी भक्षक पेशी येते, त्यास गिळते, आणि तीही मरते. मग तिसरी. जेथे पेशी मरतात तेथे शरीर डागडुजी म्हणून तंतूंचा व्रण विणते. व्रणांच्या गाठी होतात, गाठींच्या गाठी जुळतात, आणि मऊ फुगा असलेले फुप्फुस ताठ होत जाते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. त्यास उलटवणारे औषध आजही नाही.

आमच्या सोबत्याच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. त्याने खदान सोडली होती, खदानीने त्यास सोडले नव्हते. चौदा वर्षांत आत गेलेला कण खर्चच होत नाही. तो पेशीमागून पेशी मारीत राहतो, आणि त्यास मदत करते ती आपलीच सफाईची व्यवस्था. पिशवीची चूक म्हणावी तर तिने तिचे काम चोख बजावले. विरघळणार नाही असे काही तिच्यापुढे रोज आठ तास येत राहील, हे तिच्या घडणीत धरलेलेच नव्हते.

आता क्षयाचे आठवा. मुळात क्षयाचा जंतू भक्षक पेशीस दाद देत नाही. त्यात सिलिकाने त्या पेशी लुळ्या केलेल्या. म्हणून धुळीत काम केलेल्या माणसास क्षय होण्याचा धोका कितीतरी वाढतो. आणि येथेच कागदावर घोटाळा होतो. आमच्या सोबत्याच्या चिठ्ठीवर दोनदा क्षय लिहिला गेला. औषधे झाली, दम राहिलाच. तो काय काम करीत असे, हे कोणी विचारले नाही. इटलीच्या रामाझिनी या वैद्याने 1700 साली धंद्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्यास 'तू काम काय करतोस' हे विचारा असे वैद्यांस बजावले. तीनशे वर्षे उलटून गेली, आणि केसपेपरावर तो रकाना अजून रिकामा राहतो. जेथे हे घडले त्या दवाखान्याचे नाव आम्ही घेत नाही. तेथे एक डॉक्टर आणि बाहेर दीडशे माणसांची रांग होती, हेही खरे आहे.

चिठ्ठीवर काय लिहिले याने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. फरक भाकरीचा पडतो. क्षय हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा रोग; सिलिकोसिस हा धंद्याचा रोग. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस घातला गेला, आणि सिलिकोसिस ज्याच्या मुळाशी आहे असा क्षयही घातला गेला. त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही धंद्याच्या रोगांची यादी आहे. असा रोगी आढळल्यास डॉक्टरने सरकारास कळवावे, असे बंधन 1948 च्या कारखाने कायद्यात होते. कायदा इतका सावध, आणि चिठ्ठीवरचा एक शब्द चुकला की माणूस त्या कायद्याच्या बाहेर! आमच्या सोबत्याच्या अर्जावर पलीकडून हरकत आली ती अशी, की यास क्षय आहे, आणि काम सोडून सहा वर्षे झाली आहेत. त्या पिशवीची माहिती तेव्हा आम्हांस असती, तर दुसऱ्या हरकतीचे उत्तर आम्ही तेथेच दिले असते.

हे एकट्या आमच्या जिल्ह्याचे दुखणे नाही. मध्य प्रदेशातील मंदसौरला पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिली करीत. आमच्या पिढीने त्याच पेन्सिलींनी बाराखडी गिरवली. तेथील कामगारांची तपासणी 1980 नंतरच्या दशकात झाली, तेव्हा अर्ध्याहून अधिकांच्या फुप्फुसांत हा रोग निघाला. त्याच प्रदेशातील आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले, आणि आजारी होऊन गावी परतून मेले. त्यांच्यासाठी 2006 साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. 2016 च्या मे महिन्यात 238 मृतांच्या कुटुंबांस प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारास झाला. मध्ये दहा वर्षे गेली. राजस्थानने 2019 साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण केले.

आपल्या भागाचे पाहा. महामार्ग रुंद झाला, पूल झाले. त्यांची गिट्टी कोठून तरी आली. पाथरवट बसून पाटे-वरवंटे घडवतो, जात्याला टाकी लावतो, तोंड दगडापासून हातभर अंतरावर. भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा जिल्हा. गिरणीत जो भुसा भट्टीत जळतो, त्याच्या राखेत बहुतेक सिलिकाच असते. ती सहसा स्फटिकरूप नसते, म्हणून तिचा धोका गारगोटीइतका नाही. पण आच फार प्रखर झाली तर काही भाग स्फटिकरूप होतो. ती राख कोरडीच फावड्याने भरणाऱ्या बायांचे चेहरे आपण पाहिले आहेत. ती ओली करून भरावी, याला खर्च किती येतो? एका नळीचा.

येथवर आम्ही इतरांचे सांगितले. आता आमचे सांगितले पाहिजे. ज्या खदानीवर आमचा सोबती होता, तेथे आमचीच संघटना होती. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही तेथे नऊ दिवसांचा संप केला आणि करार केला. करारात आम्ही मोठ्या अभिमानाने दोन कलमे मिळवली. एक, धुळीचा भत्ता. दुसरे, माणशी रोज गूळ. गुळाने धूळ धुऊन निघते असे सर्वांचे म्हणणे, आणि आम्हीही तेच भाषणात सांगितले. गूळ जातो अन्ननलिकेतून जठरात. कण बसला आहे फुप्फुसात, पेशीच्या आत, तिच्या पिशवीच्या आत. त्या दोहोंची भेट होत नाही. गुळाने घसा ओला होतो, यापलीकडे काही होत नाही. धुळीवर पाणी मारा, यंत्राला झाकण घाला, ही मागणी मात्र कागदावर आलीच नाही. ती कोणी नाकारली नाही. आम्ही ती केलीच नाही. उडणाऱ्या धुळीची किंमत ठरवली, आणि त्या किमतीवर आमची सही आहे. त्या मिरवणुकीत पुढे झेंडा धरणारा हाच आमचा सोबती होता.

तो गेला, त्यास आता चार वर्षे झाली. शेवटी नागपूरला एका डॉक्टरांनी जुने आणि नवे एक्स-रे शेजारी लावून पाहिले, धंदा विचारला, आणि नेमका शब्द लिहून दिला. त्याच्या पत्नीने ते सगळे एक्स-रे पेटीत, लुगड्यांच्या घडीत जपून ठेवले आहेत. अर्ज चालू आहे. पुढची तारीख आषाढातली आहे. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या व्याख्यानातील पेशीच्या माहितीत चुका असू नयेत म्हणून आम्ही हे कागद तिलाच तपासण्यास दिले होते. 'आत्मघाती पिशवी' हे नाव भडक आहे, हे आम्हांस सांगितले तिनेच.

आता खदानीवर नव्या करारात पाण्याचे फवारे आले आहेत. तपासणीच्या दिवशी ते चालतात, हे आम्ही पाहिले आहे. इतर दिवशी ते चालतात की नाही, हे पाहण्यासाठी तेथील दोन तरुण रोज वहीत लिहितात. वही आम्ही येथे आणली आहे. ज्यांस पाहायची त्यांनी पाहावी. गेल्या महिन्याच्या 26 कामाच्या दिवसांपैकी 11 दिवस पाणी होते.

चालकांनी घंटा वाजवली. शेवटची एक विनंती. तुमच्या घरी, शेजारी, कोणी खदानीत, दगडकामात, ओतकामात किंवा वाळूच्या माऱ्याने धातू घासण्याच्या कामात वर्षे काढली असतील, आणि काम सुटून कितीही काळ लोटला असेल, तर त्यांचे जुने एक्स-रे फेकू नका. शेणामातीच्या भिंतीला ऊन येऊ नये म्हणून खिडकीला लावलेले एक्स-रेसुद्धा आम्ही काढून आणले आहेत. सभा संपल्यावर आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूस बसणार आहोत. नाव, गाव, कोठे आणि किती वर्षे काम केले, एवढे लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ.